हेलिकॉप्टरमधली तुमची जागा

प्रिय नेगीजी,

गेल्या रविवारी तुमची अंजली आमच्या घरी, कॅनडात ग्वेल्फला, आली होती. हॅमिल्टनच्या कॉलेजात शिकते. तुमच्या शेतातला राजमा घेऊन आली. म्हणाली, "पापा कहते थे, साहब जैसा अफ़सर पहले कभी नहीं आया।"

आणि मी ते ऐकून घेतलं, नेगीजी! वर तिला अजून चहा हवा का विचारलं. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मराठीत लिहितोय. हिंदीत मी तुमच्याशी कायम साहेबासारखाच बोललो. माफी मागायला मला माझीच भाषा लागते.

मी हिमाचलात तुमच्या खोऱ्यात एसडीएम म्हणून आलो, आमच्याकडे ज्याला प्रांत म्हणतात तो. तुम्ही कानूनगो, सगळ्या पटवाऱ्यांचे वरिष्ठ. पहिल्याच दिवशी मी नकाशावर बोट ठेवून म्हणालो, हे गाव तर जवळच आहे. तुम्ही हसलात. "साहब, नक्शे में चढ़ाई नहीं दिखती। यहाँ किलोमीटर नहीं, दिन गिनते हैं।"

जिल्ह्याचं मुख्यालय खिंडीच्या पलीकडे. बर्फ पडलं की खिंड बंद, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. मग रेशन, दवाखाना, शाळा, रस्ता, सगळ्यावर सही माझी. "बर्फ गिरी, तो आप ही सरकार हैं," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा माझी छाती फुगली होती. तुम्ही मला जबाबदारी सांगत होतात, हे कळायला किती वर्षं लागली!

हिवाळ्यात आभाळ उघडलं की सरकारी हेलिकॉप्टर यायचं. जागा मोजक्या. आधी आजारी माणसं, मग गरोदर बायका, मग बाकीचे. यादी तुम्ही करायचात आणि सही मी करायचो. दोन हिवाळ्यांत तुम्ही एकदाही कुणा ओळखीच्याचं नाव वर सरकवलं नाहीत.

त्या फेब्रुवारीत तुमच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी लिहून दिलं, ताबडतोब बाहेर हलवा. यादीत तुमचं नाव आलं. आणि त्याच आठवड्यात माझी चंदीगडला अपॉइंटमेंट होती, कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायची. बायको आधीच इथे आली होती. ती तारीख बदलता आली असती, नेगीजी! एक ईमेल पुरला असता.

मी तुम्हाला म्हणालो, "सरकारी काम है, जाना पड़ेगा।"

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला कळलं होतं का? मग पेन घेतलंत आणि स्वतःचंच नाव खोडलंत. "मेरा अगली उड़ान में हो जाएगा, साहब।"

का खोडलंत? एकदा तरी नाही म्हणायचं होतंत! पण बघा, अजूनही मी तुमच्यावरच ढकलतोय. कागद माझ्यासमोर होता. सही मी केली.

त्यानंतर दोन आठवडे ढग हटले नाहीत. चंदीगडला तहसीलदारांचा फोन आला, "नेगीजी नहीं रहे।" मी तुमच्या घरी सांत्वनाचं पत्र पाठवलं, सरकारी शिक्क्याचं. त्यात लिहिलं, खराब हवामानामुळे त्यांना वेळेवर हलवता आलं नाही. ते पत्र तुमच्या घरी फ्रेम करून लावलंय, असं अंजलीने अभिमानाने सांगितलं. माझ्या हातातला कप मला टेबलावर ठेवावा लागला.

आता मी इथे नगरपालिकेत रस्त्यांवरचं बर्फ काढायचं वेळापत्रक बघतो. एखादी गल्ली सकाळी सातपर्यंत मोकळी झाली नाही, तर लोक तक्रार करतात. मी त्यांची माफी मागतो. किती सहज मागतो!

अंजली गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगून काय मिळणार? पोरगी परदेशात एकटी आहे, तिचा एक आधार कशाला काढून घेतोस?" तिचं खरंही असेल. पण हा आधार खोट्यावर उभा आहे. आणि गप्प राहणं माझ्याच सोयीचं आहे, हे मला पक्कं माहीत आहे.

काल अंजलीला मेसेज केला, भेटायचंय, तुझ्या वडिलांबद्दल बोलायचंय. लगेच उत्तर आलं, "शुअर अंकल! सब ठीक है ना?"

शनिवारी हॅमिल्टनला जातोय. तिच्यासमोर बसून सगळं सांगेन, अपॉइंटमेंटसकट. हवामानाचं नाव घेणार नाही. ती रडली, ओरडली, उठून गेली, तरी स्वतःची बाजू मांडणार नाही. आणि तुमच्या घरी दुसरं पत्र पाठवीन, शिक्का नसलेलं. हे वचन आहे, नेगीजी.

तुमच्या जागेवर बसून आलेला,
श्रीकांत