सात नंबरची जर्सी

प्रिय डार्सी,

शनिवारी माझी शेवटची मॅच झाली. सव्वीस वर्षं कूलाबरीच्या रग्बी लीग संघाचा कोच होतो. क्लबात सगळ्यांनी मला निरोप दिला. म्हातारा क्लेम म्हणाला, "शनिवारच्या संघातून एखाद्याला वगळायचं असलं की लाइल गुरुवारीच घरी जाऊन सांगतो, केक घेऊन. त्यामुळे दाराशी केक दिसला की लोक आधी रडून घेतात."

सगळे हसले. मीही हसलो.

ही रीत कुठून आली, ते मात्र बोललो नाही. त्या फायनलला तुला वगळलंय, हे तुला सांगायचा मला धीरच झाला नाही. मॅचआधी कपडे बदलायच्या शेडमध्ये एकेकाच्या हाती जर्सी देत होतो. तुझा सात नंबर पुकारला, तू हात पुढे केलास, आणि मी ती तुझ्या शेजारच्याला दिली. त्यानंतर तू गाव सोडलंस, त्याला एकोणीस वर्षं झाली. तुझा तो रिकामा हात अजून माझ्यासमोर तसाच आहे.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. असलं घरी जाऊनच सांगायचं असतं.

उद्या गुरुवार आहे. केक भाजून ठेवलाय.

तुझाच भाऊ,
लाइल