गाळा कोणत्या पुस्तकाच्या दुकानाला, याविषयी माझे सांगणे

मी, श्रीमती नीलाबाई मुखरू गुरनुले, राहणार बाबूपेठ, चंद्रपूर, वय आधारकार्डावर अठ्ठ्याहत्तर आणि खरे कोणालाच ठाऊक नाही, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता, राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. सुनबाईला शंका असेल, तर मागच्या बाजाराला भाजीवाल्याने मापात मारले ते कोणी पकडले, हे तिने आठवावे. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते, ॲड. रीता सोनुले लिहितात. त्यांना सांगितले आहे, की माझे बोलणे धुऊन इस्त्री केले तरी चालेल, पण खिशातले काढून घेऊ नका.

कलम १. बाबूपेठेतील राहते घर माझा मुलगा अंकुश याला द्यावे. मागच्या खोलीचे छत गळते, हे मी दर पावसाळ्यात सांगत आले. आता छत त्याचे आणि गळतीही त्याची.

कलम २. माझा भाजीचा तराजू व वजने सुनबाईला द्यावीत. तिने माझे चहाचे कपसुद्धा मोजले आहेत, आता खऱ्या वजनांनी मोजावे. पाण्याचा पितळी गुंड शेजारीण आशाबाईला द्यायचा होता, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून तो तिने मी जिवंत आहे तोवरच न्यावा. नाहीतरी लग्नसराईत तो तिच्याच घरी असतो.

कलम ३. जटपुरा गेटच्या आत, रस्त्याला लागून असलेला माझ्या नावचा गाळा, पायरीसह. वकीलबाई म्हणाल्या, पायरी गाळ्यातच येते, वेगळी लिहायची गरज नाही. मी म्हटले, लिहा. त्या पायरीवर मी वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकत माझी उमर काढली. माझ्या पाठीमागे गाळ्यात बापूराव चिंतलवार यांचे पुस्तकांचे दुकान, तेव्हाही होते, आजही आहे. पुढे गाळा विकायला निघाला. माझे मालक, म्हणजे अंकुशचे वडील, कोळशाच्या खाणीतून रिटायर झाले होते, त्यांनी तो माझ्या नावाने घेतला. त्या दिवसापासून भाडेकरू खुर्चीवर आणि मालकीण पायरीवर.

बापूरावांचे दुकान फार चांगले आहे, असे मी लिहवून घेणार नाही. सारी पुस्तके काउंटरच्या मागे. पोराने हात लावला की हे खेकसणार, "घ्याचं हाय का चाळाचं हाय?" पण दुपारी गिऱ्हाईक नसले, की एखादे पुस्तक काढून मला मोठ्याने वाचून दाखवत. मी वांग्यांवर पाणी शिंपडत ऐकत असे. अक्षर न येणाऱ्या बाईला पुस्तकाचे दुकान आवडायचे, ते असेच आवडणार.

कलम ४. आता नागपूरच्या एका मोठ्या कंपनीला हा गाळा पाहिजे आहे. शहरोशहरी तिची काचेची पुस्तकांची दुकाने आहेत. अंकुशची मुलगी, म्हणजे माझी नात करिष्मा, त्याच कंपनीच्या नागपूरच्या दुकानात कामाला आहे. गाळा मिळाला, तर चंद्रपूरची शाखा करिष्माच्या हाती देऊ, असे कंपनीने सांगितले आहे. पोरगी तिकडे खोली करून एकटी राहते. ती घरी यावी, माझ्या ताटात तिने खावे, एवढीच माझी हाव उरली आहे. मी ती लपवत नाही.

मी नाही म्हणत होते, तेव्हा अंकुश म्हणाला, "आई, तुले वाचता येत नाई. पुस्तकाची कोनती दुकान चांगली, हे तुले काय समजते?"

मी म्हटले, "तुले सैपाक येत नाई. तरी भाजी खारट झाली, हे घरात पह्यले तुलेच समजते ना?"

तो म्हणाला, "मंग एकदा जाऊन चाखून ये."

म्हणून मी नागपूरला गेले.

कलम ५. या कलमात देणे-घेणे काही नाही. वकीलबाईंनी ते काढू का म्हणून विचारले. मी म्हटले, हे काढाल तर पुढचे कोणाला कळणार नाही.

बापूरावांच्या बाजूने भांडायचे, असे ठरवून मी त्या काचेच्या दुकानात शिरले. आत थंडगार. बसायला खुर्च्या. पोरे फरशीवर पालथी पडून पुस्तके वाचत होती आणि कोणी त्यांना उठवत नव्हते. माझे अर्धे भांडण दारातच राहिले. माझी रंजीता आठवली. रंजीता म्हणजे अंकुशची मोठी बहीण. शाळेत जात होती, काविळीने गेली. तिलाही असे पालथे पडून वाचायची सवय होती. बापूरावांच्या दुकानात तिला कधी पालथे पडता आले नाही.

मग मी करिष्माला म्हटले, माझी गोष्ट काढून दे. रंजीता गेली त्या वर्षी बापूरावांनी ती मला वाचून दाखवली होती. धानाच्या बांधीवरून, म्हणजे भाताच्या शेतावरून, एक पोरगी हरवलेले वासरू शोधायला जंगलात जाते. सांज होते. माय बांधीवर उभी. मग घुंगरू वाजते आणि पोरगी वासराला घेऊन परत येते. पुस्तकाचे नाव मला माहीत नाही, लिहिणाऱ्याचेही नाही. करिष्माच्या यंत्राला त्याशिवाय काही सापडत नव्हते. पण ही गोष्ट ऐकतच ती लहानाची मोठी झाली, मीच तिला सांगून झोपवत असे. ती खाली बसली आणि पोरांच्या कप्प्यातले एकेक पुस्तक उघडत गेली. शेवटी सापडले. मला खुर्चीवर बसवून ती वाचू लागली. बांधी आली, जंगल आले, घुंगरू वाजले. आणि ती थांबली.

"थांबली काऊन?"

"आजी, पुढचं वेगळं छापलं हाय."

"कसं वेगळं?"

"वाचू का?"

"वाच."

वासरू एकटेच परत येते. माय त्याला बांधते, पाणी पाजते, आणि परत बांधीवर जाऊन उभी राहते. तिथे गोष्ट संपते.

पोरीचे डोळे भरले होते, पण तिने एक ओळ गाळली नाही. गाळा देणे माझ्या हातात होते. तिची शाखा, तिचे घरी येणे, सारे माझ्या मर्जीवर होते. तरी तिने माझी मर्जी सोडून छापलेले वाचले.

चंद्रपूरला उतरले ती सरळ गाळ्यावर गेले.

"बापूराव, वासराच्या मागं पोरगी नवती."

ते पुसलेलेच काउंटर पुन्हा पुसू लागले. मग म्हणाले, "बाई, तुमची रंजीता जाऊन तवा पावसाळाई लोटला नवता. माझ्या तोंडून कसं निंगन ते?"

"मंग पुस्तक बंद कराचं होतं."

"तुमी म्हनल्या, पुढं वाचा. तुमच्या हातातलं वांगं तसंच राह्यलं होतं. मी काय करू?"

त्या शेवटावर मी ते वर्ष काढले, हे खरे आहे. तो शेवट त्यांनी मनाने लावला, हेही खरे आहे. त्यानंतर त्यांनी मला किती पुस्तके वाचून दाखवली. त्यांतले किती छापलेले आणि किती माझ्यासाठी शिजवलेले, हे विचारायची माझी हिंमत होत नाही. तेव्हापासून मी पायरीवर बसते, पण त्यांना वाचा म्हणत नाही. तेही पुस्तक काढत नाहीत.

कलम ६. माझ्या आवडीचे दुकान कोणते, असे कोणी विचारले तर बापूरावांचे. पण आवड माझ्यासोबत जाणार आहे, गाळा मागे राहणार आहे. तो मला खरे वाचून दाखवणाऱ्याच्या हाती द्यायचा आहे.

सबब, सदर गाळा, पायरीसह, माझी नात करिष्मा अंकुश गुरनुले हिला एकटीला द्यावा. त्यात तिच्या बापाचा शब्द चालणार नाही. तिने तो कंपनीला द्यावा, बापूरावांना ठेवावे, की स्वतःचे दुकान मांडावे, हे तिने ठरवावे. बापूरावांना माझ्यामागे तिथे बसण्याचा कोणताही हक्क या कागदाने मिळत नाही. तिने त्यांना उठवले, तर तिला कोणी माझ्या नावाने बोल लावू नये. बंधन एकच. जे ठरेल ते तिने बापूरावांसमोर उभे राहून स्वतः सांगावे. कंपनीच्या माणसाकडून कळवू नये, आणि सांगताना गोड करू नये.

हे लिहून रीताबाई थांबल्या. म्हणाल्या, "आजी, इतकी वर्षं झाली. बापूरावांना काहीतरी द्या ना."

मी म्हटले, "देतो ना. हा कागद वाचाले देतो."

वाचून दाखवल्याची नोंद. अंगठ्याआधी हा मजकूर मला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवला पाहिजे. करिष्माने वाचला, तर उद्या लोक बोलतील. म्हणून मी बापूराव चिंतलवार यांना घरी बोलावले. रीताबाई शेजारी बसून ओळीवर बोट फिरवत होत्या, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सांगायला.

छताच्या गळतीशी बापूराव हसले. पाचव्या कलमात त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. सहाव्यात, "कोणताही हक्क" इथे ते थांबले.

"बाई, हे तुमीच सांगतलं?"

"मीच."

"वाचू?"

"जसं हाय तसं वाचा."

त्यांनी वाचले. आवाज खाली गेला, शब्द एकही खाली पडला नाही. रीताबाईंचे बोट शेवटपर्यंत कुठे थांबले नाही. वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मग मी त्यांना म्हटले, उद्या दुपारी येतो, वासराचं पुस्तक काढून ठेवा, शेवटापासून वाचा.

मजकूर ऐकला, समजला, कबूल आहे.

ठिकाण : बाबूपेठ, चंद्रपूर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

नीलाबाई मुखरू गुरनुले, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार :
१. आशाबाई शेंडे, शेजारीण (सही. गुंड आजच नेला.)
२. श्रावण मोहुर्ले, भाजीबाजार (सही)

लिहिणार : ॲड. रीता सोनुले (सही)

वाचून दाखवणार : बापूराव चिंतलवार, पुस्तकविक्रेते (सही). जसे लिहिले तसे वाचले.