खिडकीकडची मोटर

७ जानेवारी

हसावं की रडावं! दादाने त्याचं मशीन कसं जोडायचं ते सांगणाऱ्या फाइली दाखवल्या. एकीचं नाव 'शेवटचं'. दुसरीचं 'शेवटचं खरंच'. तिसरीचं 'ही उघडू नका' — आणि लोक नेमकी तिसरीच उघडतात!

"शाळेची पुस्तकं तपासण्यात तुझं अर्धं आयुष्य गेलं, मास्तरीणबाई. हेही एकदा मार्गी लाव." मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणे, "म्हणूनच तर तू हवीस." उद्या त्याच्या कामाच्या खोलीवर जायचं ठरलं आहे.

८ जानेवारी

मशीन चालताना आज पहिल्यांदा पाहिलं. टेबलावर मावेल एवढंच. एक हात, हाताला बारीक नळी, खाली प्लास्टिकची ताटली, ताटलीत वाटाण्याएवढे खळगे. हात येतो, थेंब सोडतो, सरकतो, थेंब सोडतो. सगळे थेंब सारखे! एकही लहान नाही, मोठा नाही. प्रयोगशाळेत माणसं हेच काम हाताने करतात — मान मोडेपर्यंत. असं मशीन विकत घ्यायचं तर म्हणे घर गहाण टाकावं लागेल. दादाने सगळं वेबसाइटवर खुलं ठेवलं आहे. आकृत्या, प्रोग्राम, सुट्या भागांची मापं — कुणीही घ्या, बनवा, हवं तसं बदला. कोण नेतं याची नोंदसुद्धा ठेवायची नाही, हा त्याचाच हट्ट.

मी तोंडात बोट घालून उभी. लहानपणी हाच माणूस घरातलं प्रत्येक घड्याळ उघडून ठेवायचा. वहिनी म्हणाली, "अजूनही ठेवतो."

१५ जानेवारी

लोकांनी दादाला भंडावून सोडलं आहे. वेबसाइटवर प्रश्नांचं एक पान आहे, ते सकाळ-संध्याकाळ भरलेलं. हा जेवतानाही उत्तरं देतो. वहिनीने आज त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून नेलं, याला पत्ताच नाही!

एक गोष्ट आज कळली. दादाची कामाची खोली एका संशोधन संस्थेची, तिच्या संचालक बाईंनी ती अटीवर दिली आहे. मशीन बाहेर लोक बनवतायत, रोज वापरतायत, हे मार्चअखेर दिसायला हवं. नाही तर खोली दुसऱ्यांना, आणि दादा परत जुन्या नोकरीत. दादाला काळजी नाही. "एवढे प्रश्न येतायत! बनवतायत म्हणूनच विचारतायत ना?" बाईंनाही हे पटलं आहे.

२३ जानेवारी

'खिडकीकडची मोटर आधी बसवा.'

जोडणीच्या सूचनांत हे वाक्य पानोपानी. खिडकीकडचा पट्टा, खिडकीकडचा स्क्रू, खिडकीकडची वायर. मी विचारलं, कुठली खिडकी? मशीनला तर खिडकी नाही. दादाने मान वर न करता बोट दाखवलं. "ही काय!"

त्याच्या खोलीची खिडकी! या खोलीत सगळे तसंच बोलतात म्हणून त्याने जगालाही तसंच सांगून टाकलं. मी कपाळाला हात लावला. पाणी प्यायले. मग ओरडले.

२४ जानेवारी

जुने प्रश्न चाळले. एकाने टेबल ओढून खिडकीपाशी नेलं, मग विचारतोय — उन्हाने थेंब सुकतात, उपाय सांगा. दुसरीला दोन खिडक्या. बिचारी!

आणि एक तळघरातला. त्याच्याकडे खिडकीच नाही. त्याने कागदावर खिडकी काढली, भिंतीला चिकटवली आणि तिच्याकडे बघत बघत अख्खं मशीन जोडलं. फोटो आहे. कागदी खिडकीला पडदासुद्धा काढला आहे! मशीन चालत होतं. त्याचा प्रश्न वेगळाच होता — दादा, तुमची खिडकी केवढी आहे?

खो खो हसले. मग हसू थांबलं आणि अंगावर काटा आला. कोण कुठला माणूस! आमच्या एका गबाळ्या शब्दावर एवढा विश्वास. लिहिलंय ना, मग खिडकी असलीच पाहिजे. माझ्यावर असा विश्वास घरच्यांनीही कधी ठेवला नाही.

आजपासून खिडकी बंद. प्रत्येक मोटरला रंग. लाल, निळी.

६ फेब्रुवारी

मी स्वतः मशीन बनवायला घेतलं. आमच्याच पानांवरून. नियम एकच — मी अडले तर चूक वाक्याची, माझी नाही. (काय सुखाचा नियम!) दादाने बाजूला बसायचं, तोंड उघडायचं नाही. त्याचा जीव नुसता वरखाली. 'हाताने घट्ट करा' इथे मी प्लास्टिकचा स्क्रूच पिळून मोडला. दादाच्या तोंडून "अगं —" निघालंच. वहिनीने डोळे वटारले. वाक्य बदललं.

१७ फेब्रुवारी

माझ्या मशीनने थेंब सोडला!

मला साधं शिलाई मशीन चालवता येत नाही. माझ्या या हातांनी जोडलेला हात पुढे गेला, नळी खाली झुकली आणि थेंब बरोबर खळग्याच्या मधोमध. मी रडले. सरळ रडले. दादा म्हणाला, "आता गंज चढेल त्याला."

२० फेब्रुवारी

नवी पानं वेबसाइटवर चढवली. 'शेवटचं खरंच' पुसून टाकलं.

२ मार्च

प्रश्न निम्म्यावर. दादा आज गरम जेवला. वहिनी म्हणते, माझा पुतळा उभारणार, स्वयंपाकघरात.

१२ मार्च

आठवडाभर एकही प्रश्न नाही. दादा तासातासाला पान उघडून बघतो. पान चालू आहे ना, म्हणून स्वतःच एक प्रश्न टाकून पाहिला. चालू आहे.

१९ मार्च

संचालक बाई येऊन गेल्या. चांगल्या आहेत, चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. "पूर्वी निदान गजबज होती. आता शांतता आहे. मी वर काय सांगू?" त्या गेल्यावर दादा म्हणाला, "लोकांना तेव्हा गंमत वाटत होती. संपली."

मीच तर सगळं झाडून-पुसून चकाचक केलं. दुकान इतकं आवरलं की गिऱ्हाइकाला वाटलं, बंद आहे!

२५ मार्च

मी म्हटलं, खिडकी परत घालू. गोंधळ घालू. निदान लोक भांडायला तरी येतील. दादा हसला, पण उठून वायरी गुंडाळायला लागला. त्याची मोटर मी काढली, माझी त्याने. खोली सोमवारी द्यायची आहे.

काढण्याआधी मी दादाला मशीन एकदा चालवायला लावलं. थेंब, थेंब, थेंब. बघणारे आम्ही दोघंच. तरी मशीनने एकही थेंब कमी सोडला नाही. बघतच राहावंसं वाटत होतं.

२८ मार्च

खोक्यांना चिकटपट्टी लावत होतो, दादाचा फोन वाजला. अनोळखी बाई. पिण्याचं पाणी तपासणाऱ्या कुठल्याशा प्रयोगशाळेतली. आमची पानं त्यांनी छापून भिंतीवर लावली आहेत. एक मशीन बनवलं, मग शेजारच्या तालुक्यांसाठी आणखी बनवली, सगळी चालू आहेत, रोज. तिथे काम करणाऱ्या मुलींना मूळचं मशीन बघायचंय — बस करून सगळ्या येऊ का?

दादा मटकन खोक्यावर बसला. फोन मी घेतला आणि जवळजवळ भांडलेच. इतकी मशिनं बनवलीत, आणि आम्हाला एक अक्षर विचारलं कसं नाहीत?

बाई गोंधळल्या.

"अहो, अडलंच नाही कुठे!"