कर्टिसच्या शर्टाचं टोक

प्रिय लोर्ना,

आम्ही बापलेक शिकारीच्या तळावर खुशाल आहोत. तुझा खोकला थांबला का?

कर्टिसची फौजी धाटणीची रायफल बघून ऑर्विलकाका म्हणाले, "हरीण मारायचंय की किल्ला घ्यायचाय?"

"हलकी आहे, काका. तुमच्या जुनीला दर गोळीमागे बोल्टचा दांडा मागेपुढे ओढत बसावं लागतं."

"म्हणून तर आम्ही नीट नेम धरतो."

आज हरीण कर्टिसपुढे वीस पावलांवर आलं. मी टेकाडावरून बघत होतो. त्याने रायफल खांद्याला लावली, मग खाली घेतली. तळावर येऊन म्हणाला, "नेम चुकला," आणि नेम चुकणाऱ्याच्या शर्टाचं टोक कापायचा इथला रिवाज, म्हणून आपल्या शर्टाचं टोक पुढे केलं.

बार झालाच नव्हता. काकांना ऐकू कमी येतं, म्हणून निभावलं. मी टोक कापलं.

उद्या त्याला माझ्या बाबांची जुनी रायफल देऊन बघतो. पण दोष बंदुकीचा वाटत नाही.

शर्ट धुताना त्याला काही विचारू नकोस.

तुझाच,
वेंडेल