रिकामी गोफण

मार्च १९७५, बुधवार, संध्याकाळ

दुपारी पाऊस शिंतडून गेला, मग ऊन, आता परत ढग. शेतातून येऊन घटका झाली तरी डोळ्यांसमोर भोरड्याच. हजारो पाखरं एका अंगानं वळतात तेव्हा आभाळात गुलाबी धूर वळल्यासारखा वाटतो. आपण जागे आहोत ना, असं होऊन जातं.

भाकरी घेऊन शेतातल्या माळ्यावर चढले, तर आबा ज्वारी राखत गोफण फिरवत होते. आवाज चांगला कडाडत होता, पण पाखरं कणसांवर निवांत. नीट बघितलं, गोफणीत दगडच नाही! वर्षाची ज्वारी आहे ती आमची. मला रागच आला.

"आबा, दगड?"

"न्हाई घातला. आभाळ फिरून राह्यलंय, चार दिसात जातील ती. लई लांबचा पल्ला हाय, मंग उपाशी कसं धाडायचं? मायला बोलू नको."

वाटभर तो रिकामा कडाका कानात. आईला सांगावं का? की आपणही गप्प बसायचं?

घरात पाऊल टाकलं, तर चुलीपुढून मान वर न करता आईनंच विचारलं, "औंदाबी रिकामीच फिरवली का त्यांनी गोफण?"