उजाडेपर्यंत पाणी नाही

तिसगाव,
१७ डिसेंबर २०२३

प्रिय दादा,
सा. न.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक. तूर काढणीला आली. शेळीला दोन पिल्लं झाली.

आईला नगरला दवाखान्यात नेलं होतं. तहान फार, आणि सारखी लघवीला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी सहानंतर पाण्याचा थेंब द्यायचा नाही, सकाळची लघवी आणा. पाणी नसताना मूत्रपिंडं लघवी किती घट्ट करतात ते बघायचं होतं.

आई हसली. "उसाच्या फडात दिवसदिवस पानी न्हाई प्याले मी. जायला आडोसा कुठं हुता? ही कसली परीक्षा!"

सकाळी लघवी पाण्यासारखी निघाली. तपासणारा म्हणाला, "मावशी, रात्री तांब्या रिचवला वाटतं!"

"न्हाई रे बाबा."

एसटीत, माणसांदेखत, मी तिला बोलले. डॉक्टरला फसवून तुला काय मिळतं? ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तपासणी परत करायची ठरली. या वेळी मी माठ ओतून पालथा घातला, मोरीला कुलूप लावलं. पहाटे ती म्हणाली, "जीभ टाळूला चिकटली गं. एक घोट दे."

मी म्हटलं, उजाडू दे.

लघवी तशीच निघाली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आई कोसळली. सलाईन लावताना डॉक्टर म्हणाले, "त्या दोन्ही वेळा पाणी प्यायल्या नव्हत्या. मूत्रपिंडांत पाणी धरून ठेवायची ताकदच उरलेली नाही." आता हवं तितकं पाणी द्यायला सांगितलं आहे. बाकी फार काही सांगितलं नाही.

तुझं आरतीशी ठरलेलं लग्न मोडलं आणि तू आईला दोष दिलास, तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती, "मी न्हाई काय बोलले." तू म्हणालास, खोटं. या घरचं पाणी पिणार नाही म्हणून देवळालीला निघून गेलास. मी दारात उभी होते.

आरतीच्या मामीला मी बोलले होते. तिसगावच्या बाजारात, भाजी घेताना. तू दारू पितोस म्हणून. तू तेव्हा सोडली होतीस, ते मला माहीत होतं. तुझं लग्न झालं की तू वेगळा राहशील आणि आईचं करायला मी एकटी उरेन, असं वाटलं.

आईला माहीत होतं. मामीनेच सांगितलं होतं तिला; मामीच मला नंतर म्हणाली. तुला ती कधी बोलली नाही. मलाही नाही.

ती आता घरी आहे. तिला उठवत नाही. तिच्या उशाशी तांब्याभर पाणी असतं. पेला हातात घेतला की ती आधी माझ्याकडे बघते आणि विचारते, "पिऊ का?"

दादा, तू इथलं पाणी पिऊ नकोस. माझ्याशी बोलूही नकोस. फक्त ये, आणि तुझ्या हाताने तिला पाज. तुला ती विचारणार नाही.

सुकन्या