वाटेवरची रास

१४ एप्रिल २००८, पोंभुर्णा

दुपारी पोचलो. बल्लारपूरहून बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. वाटेत मोहाचा वास इतका होता की शेजारचे गृहस्थ म्हणाले, नुसत्या वासानंच चढेल. मी हसलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच, हे नंतर लक्षात आलं.

खोली चांगली आहे. भूपेशचीच. खाट, कूलर आणि त्याचा कॉम्प्युटर. घरमालकीण कुंताबाई आणि त्यांचे यजमान मनसारामभाऊ तलावात मासेमारी करतात. बाईंनी मरळीचं कालवण केलं होतं. भूपेश किती खायचा ते सांगितलं आणि मलाही तितकंच वाढलं. सगळं खाल्लं.

उद्यापासून काम. आमच्या नागपूरच्या छोट्या कंपनीनं 'झाडीमुलूख' नावाचा गेम काढला होता. दुसरा भाग माझ्या धाकट्या भावानं, भूपेशनं, इथे राहून जवळजवळ एकट्यानं केला. इथलेच रस्ते, तलाव, गावं. खेळणाऱ्यानं हवं तिकडे फिरायचं. पहिला भाग मी तपासला होता, म्हणून हाही मीच तपासायचा. बाजारात पाठवायचा की नाही, ते माझ्या अहवालावर ठरेल. भूपेशचं एवढंच राहिलं आहे.

१६ एप्रिल

भारनियमनामुळे वीज असेल तेव्हाच काम होतं. पहिल्या भागात झाडं पुठ्ठ्याची वाटायची. यात मोहाखाली फुलं पडलेली आहेत, बायका वाकून वेचतात, जवळ गेलं की राम राम म्हणतात. तलावातलं पाणी उत्तम. गाडी चढावर अडकते. नकाशा कधीकधी दिसेनासा होतो. ही किरकोळ कामं आहेत.

मोठी उणीव एकच. वस्तू उचलता येते, पण खाली ठेवता येत नाही. पहिल्या भागात येत होती. यात झोळी नुसती भरत जाते. ती सोय का काढली, हे विचारायला तो नाही.

१९ एप्रिल

मनसारामभाऊ मला नाल्याजवळच्या वळणावर घेऊन गेले. तिथे फेब्रुवारीत एका सकाळी फोटो काढत असताना वाघानं भूपेशला नेलं. आता तिथे दगडांची रास आहे. वाघानं माणूस नेला त्या जागी येणाराजाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवतो, नाहीतर हिरवी फांदी. भाऊंनी ठेवला. मला म्हणाले, ठेवा. मी नाही ठेवला. राग नव्हता, हट्टही नव्हता. हात खाली गेला नाही.

घरी कुंताबाई मासे साफ करत होत्या. त्यांना भाऊंनी सांगितलंच होतं.

"तुमी सख्खे भाऊ. तुमीच गोटा नाई ठेवला, त मंग तो बसन का खाली?"

दगड कशासाठी, असं मी विचारलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं. वाघानं नेलेला माणूस जागेवर राहत नाही. उठतो आणि वाघाच्या पुढे चालतो, त्याला वाट दाखवतो. आधी आपल्याच माणसांकडे आणतो, कारण त्याला तेवढेच दरवाजे माहीत असतात. दगडांच्या वजनानं तो बसून राहतो.

ऐकून घेतलं. काही वाटलं नाही.

२२ एप्रिल

गेममध्ये आज त्या वळणावर पोचलो. तिथे रास आहे. तीच जागा, नाल्याच्या अलीकडे.

भूपेशनं काम जानेवारीत पूर्ण करून पाठवलं होतं. एसटीडीवरून ऑफिसला फोन केला. त्यानंतर फाइलला कोणीही हात लावलेला नाही, असं साहेब म्हणाले. या भागात अशा राशी आणखीही असतील, त्यातली एक त्यानं आधी पाहिली असेल. अहवालात तसंच लिहिलं.

तपासणाऱ्याची एक रीत असते. खेळणारा जे जे करील, ते आपण आधी करून पाहायचं. भिंतीवर आदळायचं, विहिरीत उडी टाकायची. म्हणून एक दगड उचलला. उचलला गेला. मग दुसरा. रास संपेपर्यंत सगळे उचलले. खाली फक्त दबलेलं गवत होतं.

वर पाहिलं तर वळणापलीकडे एक माणूस उभा होता. चौकटीचा शर्ट. डावा खांदा जरा खाली, कॅमेऱ्याची बॅग लटकवून भूपेशचा झाला होता तसा.

२३ एप्रिल

आजही दिसला. बाकीचे लोक राम राम म्हणतात, तो काही बोलत नाही. माझ्याकडे चालत येतो. मध्येच थांबून मागे पाहतो, कोणी येतंय ना हे पाहावं तसा, आणि पुन्हा चालतो. मागचं गवत हलतं.

नोंद केली: गवताची हालचाल उत्तम.

वीज होती तोवर त्याच्याकडेच पाहत बसलो. बरं वाटतं.

२५ एप्रिल

खऱ्या वळणावरचीही रास नाहीशी झाली आहे. मोह वेचणाऱ्या बायकांनी पाहिलं. तिथे दबलेलं गवत आहे, बाकी काही नाही. मी तिकडे गेलो होतो का, असं मनसारामभाऊंनी विचारलं. नाही म्हणालो. ते खरंच होतं.

शेजारच्या पोचूचं वासरू भर दुपारी अंगणातून गेलं. वाघ गल्लीनं सरळ आला, कुठेही न थबकता. रस्ता माहीत असल्यासारखा, असं पोचू म्हणत होता. मी नागपूरला परत जावं, असं सगळ्यांचं मत पडलं. कुंताबाईंचं मात्र नाही.

"गेल्यानं काय होते, भाऊ? नागपूरचंबी घर त्याले माहीतच हाय. तुमीच बसवा त्याले. आमचं नाई आयकाचा तो."

२६ एप्रिल

सकाळी गेममध्ये दगड परत ठेवायचा प्रयत्न केला. सगळी बटणं दाबून पाहिली. सोयच नाही.

मग भाऊंबरोबर वळणावर गेलो. लोक कुऱ्हाडी आणि वाजवायला डबे घेऊन उभे होते. त्यांनी ठेवलेले दगड घरंगळून जात होते. मी एक उचलला. ठेवायला वाकलो. ठेवला की भूपेश त्याच्याखाली. मग झालंच.

मूठ उघडली नाही. भाऊंनी माझी बोटं सोडवून पाहिली. त्यांना रडू आलं, मला नाही.

दगड घेऊनच परत आलो.

२७ एप्रिल

तो आता गल्लीत आहे. गेममध्ये. हेच घर, हेच अंगण, वाळत टाकलेली जाळी. मागे गवत नाही, तरी मागे —

कुंताबाई आणि भाऊ नातेवाइकांकडे गेले. जाताना बाई खिडकीशी येऊन मलाही चला म्हणाल्या. काम राहिलंय म्हणालो.

अहवाल पूर्ण केला. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस. बाजारात पाठवावा.

खरं तर पाठवू नये. घरोघरी कोणीतरी ते दगड उचलेल. आणि मग —

पण त्याचं एवढंच आहे.

२८ एप्रिल

दुपार. वीज नाही. कुत्री गप्प.

फाटक वाजलं. पावलं. दोनच नाहीत.

आवाज त्याचाच. मला हाक मारली नाही. मागे वळून कोणाला तरी म्हणाला,

"हाच. हाच माहा दादा."

वाट पाहतोय. पूर्वी किल्ली विसरला की असाच उभा राहायचा, न बोलता, मी उठेपर्यंत.

दाराखालून जनावराचा वास —

कडी काढली नाही तर तो जाईल. बसवलं तरी जाईल. मला —

बाहेर फार ऊन आहे. एवढ्या उन्हात त्याला बाहेर